बांधावरची एकदांडी
(नभोवाणीवरील भाषण)

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात देवगाव फाटा या नावाचे एक ठिकाण आहे. जालन्याकडून मंठ्यावरून जिंतूरकडे जाणारा रस्ता आणि सेलूकडून येणारा रस्ता यांची तेथे गाठ पडते. उतारूला तेथे गाडी बदलावी लागली, तर पुढची गाडी येईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे राहण्यावाचून दुसरे काम नसते. अशा वेळी मनुष्य चहा घेतो, वर्तमानपत्र चाळतो, आणि तेही संपले म्हणजे पायांखालच्या मातीकडे पाहू लागतो. आपण तेथे कधी उभे राहिला असाल, तर डांबराची कड जेथे संपते आणि काळी माती जेथे सुरू होते, त्या हातभर पट्टीत एक बारीक फूल आपल्या दृष्टीस पडले असेल. मध्ये पिवळे, भोवती चारपाच पांढुरक्या पाकळ्या, आणि खाली वीतभर लांब, सडपातळ, एकुलता एक दांडा. या फुलाला कोणी देवाला वाहत नाही, कोणी वेणीत माळत नाही. परंतु खुरप्याने बोट कापले म्हणजे शेतकऱ्याचा हात प्रथम याच झुडुपाकडे वळतो. त्याचे नाव एकदांडी. आज तिच्याविषयी काही सांगण्याचा माझा विचार आहे.

प्रथम तिची नीट ओळख करून घेऊ. कारण रानपाल्याच्या बाबतीत अर्धी ओळख ही मुळीच ओळख नसण्यापेक्षा अधिक घातक असते. एकदांडीचे झाड असे म्हणण्याइतके मोठे नसते. तिच्या फांद्या जमिनीसरपट पसरतात, जेथे पेरे मातीला टेकते तेथे नवी मुळे धरतात, आणि शेंड्याशी मात्र थोड्या वर उचललेल्या असतात. पाने समोरासमोर, दोन-दोनांच्या जोडीने येतात. त्यांच्या कडा करवतीसारख्या दातेरी असून दोन्ही अंगांवर राठ लव असते. बोट फिरविले तर ती खरखरीत लागतात. फुलाचा दांडा मात्र पानांच्या गर्दीतून निघून ताठ वर येतो, आणि त्याच्या टोकाला एकच फूल असते. एकदांडी हे नाव यावरूनच पडले असावे.

आपण ज्याला एक फूल म्हणतो, ते वास्तविक एक फूल नव्हे. उद्या सकाळी हे फूल खुडून तळहातावर घ्या आणि नखाने हलकेच उकला. भोवतीची प्रत्येक पांढरी पाकळी हे एक स्वतंत्र स्त्रीपुष्प आहे. तिच्या टोकाला तीन लहान दाते दिसतील. मधला पिवळा भाग म्हणजे नळीसारख्या चिमुकल्या फुलांचा दाट घोस आहे. शेवंती, झेंडू, सूर्यफूल, करडई यांच्या घराण्याची ही रीत आहे, आणि एकदांडी त्याच घराण्यातील एक गरीब नातेवाईक आहे. फुले सुकली म्हणजे प्रत्येक बियेच्या माथ्यावर पिसासारख्या केसांचा झुबका उलगडतो आणि वाऱ्याची झुळूक येताच बी उडून जाते. अशी शेकडो बीजे एक झुडूप वर्षभर सोडीत राहते. कारण तिला फुलण्याचा ठरावीक हंगाम नाही. मे महिन्यात काळी जमीन भेगाळून गेलेली असतानाही पाण्याच्या पाटाजवळ किंवा भिंतीच्या सावलीत ती फुललेली आढळते. फुलपाखरे आणि मधमाश्या यांना उन्हाळ्याच्या त्या टंचाईत तिचा मोठा आधार असतो.

आता तिची नावे पाहा. मराठी मुलखात तिला कोणी एकदांडी म्हणतात, कोणी दगडी पाला, कोणी कंबरमोडी, आणि कोणी सरळ जखमजोडी. कंबरमोडी या नावाचा अर्थ मला असा वाटतो की, जमिनीवर आडवी पडलेली ही वेल पाहून कोणा गमत्या माणसाला कंबर मोडून पडलेल्या बाईची आठवण झाली असावी. आश्चर्य हे की, वनस्पतिशास्त्रज्ञांनाही तेच दिसले. स्वीडनचा थोर शास्त्रज्ञ लिनिअस याने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या वनस्पतीला ‘ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स’ असे नाव दिले. त्यातील ‘प्रोकम्बेन्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थ भुईवर आडवी पडलेली असाच आहे. शेजारच्या तेलुगू मुलखात तिला ‘गड्डि चामंति’, म्हणजे गवती शेवंती म्हणतात. तेथील लोकांनी तिचे घराणे बरोबर ओळखले. आणि तमिळमध्ये तिचे नाव ‘वेट्टुक्कायप्पूंडु’ असे आहे. वेट्टु म्हणजे वार, कायम् म्हणजे जखम, आणि पूंडु म्हणजे झुडूप. शेकडो कोसांचे अंतर आणि निराळी भाषा असूनही आपली जखमजोडी आणि त्यांचे हे नाव यांचा आशय एकच आहे. एका गावच्या समजुतीला आपण योगायोग म्हणू. परंतु दोन दूरच्या मुलखांनी एकाच झुडुपाला एकाच गुणावरून नाव द्यावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

हा गुण खेडेगावात कसा वापरला जातो, हे आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले असेल. निंदणीला बसलेल्या बाईचे बोट खुरप्याने कापते. गवत कापताना विळा निसटतो. वेचणीच्या दिवसांत कापसाच्या वाळलेल्या बोंडांची अणकुचीदार टोके बोटांच्या पेरांत घुसतात. अशा वेळी जवळच्या बांधावरून एकदांडीची चारदोन पाने तोडावयाची, तळहातावर चोळावयाची, हिरवा रस निघाला म्हणजे तो जखमेवर पिळावयाचा, आणि उरलेला चोथा वर ठेवून चिमटीने दाबून धरावयाचा. रस लागताच थोडी चुणचुण होते. थोड्या वेळाने रक्त थांबते, लुगड्याच्या पदराची चिंधी बांधली जाते, आणि काम पुढे चालू होते. बैलाच्या खांद्याला जू घासून साल निघाली, तरी हाच पाला वाटून लावतात. काही ठिकाणी जुलाबावर, तर काही ठिकाणी केस गळण्यावरही तो देण्याची चाल आहे; परंतु या उपयोगांत गावागणिक फरक आढळतो. जखमेवरील उपयोग मात्र जवळजवळ सर्वत्र सारखा आहे, आणि म्हणून आपण त्याचाच विचार करू.

माझी आजी हा पाला लावताना म्हणत असे की, ही आपल्या पूर्वजांची विद्या आहे. लहानपणी आम्हांला ते पूर्णपणे पटे. पुढे पुस्तके वाचू लागल्यावर मला मोठा धक्का बसला. तो धक्का आज आपणासही द्यावयाचा आहे. श्रोते हो, एकदांडी ही आपल्या देशाची वनस्पती नव्हे.

तिचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका हा प्रदेश होय. लिनिअसने आपल्या ग्रंथात तिचे ठिकाण म्हणून मेक्सिकोच्या किनाऱ्यावरील वेराक्रूझचा उल्लेख केला आहे. कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या बेटांवर उतरला, त्यापूर्वी ती आपल्या बांधावर असण्याचा संभव नाही. सर जोसेफ हुकर यांच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील वनस्पतींवरील महाग्रंथाचा जो भाग १८८१ च्या सुमारास प्रसिद्ध झाला, त्यात तिची नोंद आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कूक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्यातही ती आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तरी ती आपल्याकडे पुरी रुळली होती. ती जहाजातील कोणत्या मालाबरोबर आली, कोणी मुद्दाम आणली की चुकून आली, हा प्रश्न आपण बाजूला ठेवू. पिसांची बी असलेल्या वनस्पतीला एकदा किनारा मिळाला की पुढे कोणाच्या परवानगीची गरज उरत नाही. नांगरलेली, खणलेली, तुडविलेली, उघडी जमीन तिला हवी असते. आणि नवे रस्ते, लोहमार्गांचे भराव, कालव्यांचे काठ आणि नवे फाटे यांनी अशी जमीन तिला गावोगाव उपलब्ध करून दिली.

हे ऐकून कोणास वाटेल की, मग ही पूर्वजांची विद्या खोटीच ठरली. मला तसे वाटत नाही. आणि ते का, हेच आजच्या भाषणाचे मुख्य सूत्र आहे.

दसऱ्याला आपण दाराला जे तोरण बांधतो, त्यातील झेंडू मूळचा मेक्सिकोचा. वांग्याच्या भाजीला जिच्यावाचून चव नाही ती मिरची अमेरिकेची. भुईमूग, मका, बटाटा, सीताफळ, पेरू हीही त्याच खंडाची देणगी. यांतील एकही वस्तू आज आपणास परकी वाटत नाही. तेव्हा एखादी गोष्ट परंपरागत आहे, याचा अर्थ ती अनादिकाळापासून चालत आली आहे असा होत नाही. कोणीतरी, केव्हातरी, ती प्रथम करून पाहिली, ती उपयोगी पडली, म्हणून शेजाऱ्याने उचलली, आणि दोनतीन पिढ्यांत तिचा आरंभ विसरला गेला, इतकाच त्याचा अर्थ आहे.

परंतु ज्या पहिल्या माणसाने हा नवखा पाला आपल्या जखमेवर चोळला, त्याने तो केवळ अंदाजाने चोळला काय? मला वाटते, त्याच्यापाशी जुन्या ज्ञानाची शिदोरी होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात वाहणारे रक्त थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्यांनी जखमेची तोंडे सांधतात, ते संधान. थंडाव्याने रक्त घट्ट होते, ते स्कंदन. भस्म लावल्याने जे होते ते पाचन, आणि डागण्याने शिरा आकसतात ते दहन. याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात व्रणावरील साठ उपचार मोजून दिले आहेत. खेड्यातील माणसाने हा ग्रंथ वाचलेला नव्हता. परंतु तुरट वस्तू रक्ताला धरते, हे सूत्र त्याला ठाऊक होते. खैराचा कात, बाभळीची साल, तुरटी यांचा वापर त्याच्या घरात होताच. बांधावर एक नवी वनस्पती दिसली, तिचे पान चघळून पाहिले, ते तुरट लागले. मग पुढची पायरी अवघड नव्हती. वनस्पती नवी होती, पण तिची परीक्षा करण्याची कसोटी जुनी होती. आपल्या पूर्वजांची विद्या म्हणून जी म्हणावयाची, ती ही कसोटी होय.

आणि ही कसोटी जशी स्वीकार करते, तशी नाकारतेही. पहा, एकदांडीच्याच घराण्याची, अमेरिकेच्याच उष्ण प्रदेशातली दुसरी एक वनस्पती त्याच रस्त्यांच्या कडेने आपल्याकडे पसरली आहे. तिला आपण गाजरगवत म्हणतो. १९५५-५६ च्या सुमारास पुण्याच्या परिसरात तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेले, आणि पुढे तिने अवघा देश व्यापला. तिच्या सतत स्पर्शाने पुष्कळांच्या अंगाला खाज सुटते, कातडी चरबरीत होऊन फुटते, आणि तिच्या परागांमुळे काहींना दमही लागतो. १९८४ साली तिच्या नाशासाठी मेक्सिकोतून मुद्दाम एक भुंगा आणून आपल्या देशात सोडण्यात आला. एकदांडी आणि गाजरगवत, दोघी एका घराण्याच्या, एका खंडातल्या. लोकांनी एकीला जखमेवर ठेवले आणि दुसरीला हात लावू नये असे मुलांना शिकविले. ग्रंथांची वाट न पाहता, अनुभवाने केलेली ही निवड आहे.

आता आधुनिक शास्त्र या निवडीविषयी काय म्हणते? एकदांडीच्या पानांत टॅनिन व फ्लॅवोनॉइड या वर्गातील द्रव्ये सापडतात. टॅनिनच्या योगाने कातडे कमावले जाते, हे आपणास ठाऊक आहेच. जखमेच्या पृष्ठभागावरील प्रथिने या द्रव्याने आकळतात, त्यांचा एक पातळ पापुद्रा तयार होतो आणि उघड्या पडलेल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. शिवाय पाला ठेवून जखम चिमटीने दाबून धरण्याची जी रीत आहे, तीच मुळी रक्त थांबविण्याचा उत्तम उपाय आहे. प्रथमोपचाराच्या वर्गात आजही पहिला धडा तोच देतात. तेव्हा रक्त थांबण्याचे पुण्य काही पाल्याच्या पदरी, तर काही दाबणाऱ्या बोटांच्या पदरी टाकले पाहिजे. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून आपल्या देशातील औषधिशास्त्राच्या प्रयोगशाळांत या पानांच्या अर्काचे प्रयोग उंदरांवर झाले. जखम किती घट्ट सांधली, तिच्यावर कातडी किती दिवसांत आली, ती किती आकसली, अशी अनेक मोजमापे त्यांत घेतली गेली. काही मोजमापांत अर्काचा लाभ दिसला, काहींत दिसला नाही. परंतु प्रयोगशाळेत स्वच्छ रीतीने काढलेला अर्क निराळा, आणि बांधावरचा, धुळीने माखलेला, शेणामातीच्या हाताने चोळलेला पाला निराळा. माणसांवर केलेल्या मोठ्या व काटेकोर चाचण्यांचे बळही या उपचारामागे अद्याप उभे नाही. म्हणून शास्त्राचा आजचा निकाल असा की, लोकांच्या अनुभवात तथ्य आहे, परंतु तो अनुभव लहान, उथळ जखमेपुरता आहे.

ही मर्यादा मला पुस्तकातून कळण्याच्या आधी एका दुःखद प्रसंगाने कळली. माझ्या लहानपणी आमच्या घरी एक सालगडी होता. चैत्रात उकिरडा उपसून शेणखत गाडीत भरताना एक जुना गंजका खिळा त्याच्या टाचेत खोल शिरला. त्याने तो स्वतःच उपटून काढला. रक्त फारसे आलेही नाही. आजीने नेहमीप्रमाणे एकदांडीचा पाला वाटला, त्या छिद्रात दाबून भरला आणि वर फडके बांधले. दुसऱ्या दिवशी गडी कामावर आला. सर्वांना समाधान वाटले. आठव्या दिवशी सकाळी भाकरीचा घास घेण्यासाठी त्याला तोंड उघडता येईना. संध्याकाळपर्यंत त्याची मान ताठ झाली आणि पाठ मागे वाकू लागली. बैलगाडीत गवत अंथरून त्याला तालुक्याच्या गावी नेले. पण तो परत आला नाही.

तो धनुर्वात होता. सुश्रुताने ज्याला धनुःस्तंभ म्हटले, तोच हा रोग. धनुष्यासारखे शरीर वाकते, म्हणून ही नावे. त्याचे कारण जे सूक्ष्म जंतू, ते १८८९ साली कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने बर्लिन येथे प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. या जंतूंची बीजुके मातीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. त्यांचा एक विशेष असा की, जेथे हवा पोहोचत नाही तेथेच ते वाढतात. उघड्या, वाहत्या जखमेत त्यांना वाव कमी मिळतो. पण खिळ्याने किंवा काट्याने पडलेल्या खोल, अरुंद छिद्रात त्यांना हवी तशी जागा मिळते. आणि त्या छिद्राचे तोंड आपण पाल्याने बुजविले, तर आतील हवा आणखीच कोंडते, वरून पाल्याबरोबर नवी मातीही आत जाते. रोगाची लक्षणे बहुधा तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही उमटतात. तोवर वरची जखम भरूनही आलेली असते. म्हणून जखम बरी झाली आणि मनुष्य दगावला, अशी विपरीत गोष्ट घडते.

आजीने त्यानंतर पाला लावणे सोडले असे नाही. विळ्याने कापलेल्या बोटावर ती तो लावीतच राहिली. परंतु खिळा, काटा, जनावराचा चावा किंवा शेणात झालेली जखम असली म्हणजे ती त्या माणसाला उंबरठ्यावरूनच दवाखान्यात पिटाळी. एकदा मी तिला याचे कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, “लेकरा, पाल्यानं रगत थांबतं, आतलं इख नाही थांबत.” तिला जंतूंचे नाव ठाऊक नव्हते, की बर्लिनच्या त्या जपानी शास्त्रज्ञाचे. परंतु एका माणसाच्या मरणातून तिने आपल्या विद्येची हद्द आखून घेतली होती. परदेशी पाला जसा तिच्या आजीपणजीने पारखून घेतला, तशीच तिने दवाखान्याची सुई पारखून घेतली.

श्रोते हो, ही सुई आज सर्वांच्या आवाक्यात आहे. १९८५ साली आपल्या देशात सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि बालकांना व गर्भवती स्त्रियांना धनुर्वाताची लस सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळू लागली. पूर्वी नवजात बालकाच्या नाळेला शेण अगर राख लावण्याची चाल कित्येक ठिकाणी होती, आणि त्यापायी असंख्य बालके पहिल्या पंधरवड्यातच दगावत. ती चालही जुनीच होती, परंपरागतच होती. लोकांनी ती टाकली, लस घेतली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, आणि २०१५ साली भारतातून माता व नवजात बालके यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. मोठ्या माणसांच्या बाबतीत मात्र आपण अजून गाफील आहोत. लहानपणी घेतलेल्या लसीचे बळ कालांतराने ओसरते. शेतात, गोठ्यात, रस्त्याच्या कामावर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांनी दर दहा वर्षांनी ती पुन्हा टोचून घेणे अवश्य आहे. मुलांना ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देतात, हेही घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट अशी की, कोणतीही जखम झाली म्हणजे प्रथम स्वच्छ वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी, आणि मग स्वच्छ फडक्याने दाबून धरावी. दवाखाना जवळ असताना पाल्याच्या शोधात बांध हिंडण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट, रानात दुसरे काही हाताशी नसेल आणि ओरखडा वरवरचा असेल, तर एकदांडीचा उपयोग करण्यापूर्वी हात आणि पाला दोन्ही धुवावेत. रस्त्याच्या कडेचा, उकिरड्याजवळचा किंवा फवारणी झालेल्या बांधाचा पाला कदापि घेऊ नये. हल्ली तणनाशकांचा वापर फार वाढला आहे, आणि काही तणनाशके मारल्यावर झुडूप कित्येक दिवस हिरवेगारच दिसते. विष मात्र त्याच्या पानांवर असते. तिसरी गोष्ट, खोल जखम, मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची जखम, भाजलेली जागा, कुत्र्याचा चावा आणि साप-विंचवाचा दंश यांवर हा पाला लावीत बसू नये. सर्पदंशावरील प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळते, आणि तेथे पोहोचण्यात गेलेली प्रत्येक घटका महागात पडते.

चौथी गोष्ट ओळखीची. एकदांडी आणि माका या दोहोंत पुष्कळांची फसगत होते, आणि माका म्हणून कधीकधी एकदांडीच केसांच्या तेलात जाते. खूण सोपी आहे. माका ओलसर जागी, पाटाच्या किंवा भातखाचराच्या कडेला उगवतो. त्याची फुले बारीक, पांढरी असून पानांच्या बगलेत आखूड देठावर असतात. आणि त्याचे पान चुरगाळले तर थोड्या वेळाने बोटे काळसर होतात. एकदांडीचे फूल मध्ये ठसठशीत पिवळे, दांडा वीतभर लांब, आणि बी वाऱ्यावर उडणारे. माक्याच्या बियांना पिसे नसतात. ही एवढी ओळख शाळेतील शिक्षकांनी मुलांना वर्गाबाहेर नेऊन एका तासात करून द्यावी. हाताशी लागणारे झुडूप नावानिशी ओळखता येणे, हा विज्ञानाचा आरंभ आहे, आणि त्याला पैसा पडत नाही.

एकदांडीचे मला वाटणारे महत्त्व तिच्या रसापेक्षा तिच्या कथेत अधिक आहे. जुने ते सोने म्हणणारे लोक तिला पुराणकाळात नेऊन बसवितात, आणि तो मान तिला शोभत नाही. कारण ती येथे आली तीच मुळी काल-परवा. जुने ते सारे भोळसट म्हणणारे लोक तिच्याकडे पाहतही नाहीत, आणि तो अन्यायही तिला शोभत नाही. कारण ज्यांनी तिला निवडले त्यांनी डोळे उघडे ठेवून निवडले. माझ्या आजीने या दोहोंचाही मार्ग धरला नाही. ती करून पाही, फळ काय आले ते ध्यानात ठेवी, आणि चूक दिसली तर मोडती घेई.

यापुढे कधी आपण देवगाव फाट्यावर किंवा अशाच दुसऱ्या एखाद्या फाट्यावर गाडीची वाट पाहत उभे राहाल, तेव्हा डांबराच्या कडेला वाकून पाहा. ती तेथे असेल. तिच्या पांढऱ्या पाकळ्यांच्या टोकांचे तीन-तीन दाते मोजा, तिचे पिकलेले एखादे फूल हातात घेऊन हलकेच फुंकर मारा आणि बी कोणीकडे जाते ते पाहा. आणि सोबत मूल असेल तर त्यालाही दाखवा. तेवढ्यात आपली गाडी येईल.